मला वाढूच दिलं नाही

मी एका ॲपमधलं अक्षर बोलतोय. लिंगायत समाजाच्या बातम्या घरोघर पोचवणारं हे ॲप लातूरच्या राजशेखरने बनवलं. लग्न असो, पूजा असो, कुणाचं निधन असो, लोकांना कळतं ते माझ्यामुळेच.

राजशेखरला नीटनेटकेपणाचं भारी वेड. बातमीची चौकट मोडू नये म्हणून त्याने माझं माप बारीक ठरवलं आणि कायमचं पक्कं करून टाकलं. बघणाऱ्यांनी वाहवा केली. मीही जरा फुशारलोच.

औशाला त्याची आई गौरम्मा राहते. तिची नजर अधू झाली तेव्हा तिच्या फोनमधलं अक्षर त्यानेच सगळ्यात मोठं करून दिलं. इतर ॲपमधली माझी भावंडं ऐसपैस वाढली. मी तेवढा होतो तिथेच. फोनचं ऐकायचं नाही, असंच मला बांधलं होतं ना!

एके दिवशी सकाळी मी बातमी घेऊन आलो. जळकोटची नागम्मा गेली होती, अंत्यविधी दुपारी चारला होता. नागम्मा म्हणजे गौरम्माची लहानपणापासूनची जिवाभावाची मैत्रीण. फोन कुणीच केला नाही. ॲपवर टाकलं की सगळ्यांना कळलं, असं हल्ली लोक धरूनच चालतात.

गौरम्माने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. दोन बोटांनी मला ताणून पाहिलं. मी जागचा हललो नाही.

"मुंग्या हायत नुसत्या," ती पुटपुटली. "कुणाचं तरी लगीन असंल. अंबिका आली की वाचंल."

अंबिका तिची सून, औशाला तिच्याजवळच राहणारी. ती शाळेत शिकवून संध्याकाळी परतली. तिने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. या समाजात देह बसवून, विभूती लावून निरोप देतात. ते शेवटचं दर्शन घ्यायला माणसं गावोगावहून धावतात. नागम्माला तोवर मूठमाती दिलेली होती.

गौरम्माने लेकाला फोन लावला. "राजशेखर, समद्यांची अक्षरं वाढत्यात, तुझंच का वाढंना रं? माझी नागम्मा गेली, अन् मी ती बातमी हातात धरून दिवसभर घरात बसले."

दुसऱ्याच दिवशी त्याने मला मोकळं केलं. आता फोन सांगेल तेवढा मी वाढतो. ओळी मोडतात, चौकट लांबते, पण कुणाचं काही बिघडत नाही.

ॲप बनवणाऱ्यांनो, हात जोडतो, आम्हाला वाढू द्या. देखण्या चौकटीपायी एका म्हातारीची शेवटची भेट हुकली, याचं दुःख माझ्या मनातून जात नाही.

परवा तिने तीच बातमी पुन्हा उघडली. कुणाला न विचारता, एकेक शब्द स्वतः वाचला. मग फोन मांडीवर ठेवून म्हणाली, "दुपारी चार. सकाळच्या यष्टीनं पोचले असते की मी."