मॅडमनी दिलेला हुंकार

विद्यापीठाच्या कथालेखन कार्यशाळेत, सांगलीच्या त्या गारेगार हॉलमध्ये, मी माझी गोष्ट अर्ध्यात सोडून खाली बसले. कुणी मला काही बोललं नव्हतं. कुणीच काही बोललं नव्हतं, म्हणूनच बसले.

हे आमच्या माण तालुक्याकडच्या मेंढपाळाच्या पोरीलाच कळेल. आमच्यात गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा. "हं... मग?" हुंकार थांबला की समजायचं, माणूस झोपलं. मग सांगणाराही तिथंच थांबतो. माझे आबा मेंढरांजवळ बसून हरवलेल्या घोडीची गोष्ट सांगायचे आणि मी शेवटाआधी हटकून झोपायची. "ऱ्हायलेली उद्या सांगतो" म्हणता म्हणता आबाच गेले, घोडी रानातच राहिली. तिचा शेवट मी माझ्या मनानं लिहिला होता. तोच वाचायला दहिवडीहून एसटीनं आले होते.

आणि इथं सगळी शहाणी माणसं तोंडाला कुलूप लावून बसलेली! त्यांचा नियमच तसा, वाचन चालू असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. मला वाटलं, आबांची गोष्ट पडली. मी पिशवी उचलली. दुपारची गाडी मिळाली असती.

"सोनिया, थांब. घोडीचं पुढं काय झालं?" कार्यशाळा घेणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी विचारलं.

"आवं, कुणी हुंकारच देईना," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "तुमी जागं हायसा का न्हाई, मला कसं कळायचं?"

हॉलभर हशा. सगळ्यात मोठ्यानं हसले उंब्रजचे इंद्रजित काका, फौजेतून रिटायर होऊन आठवणी लिहायला आलेले. असा राग आला मला! मॅडम मात्र हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"नियम राहू दे. हुंकार कसा देतात, ते शिकव मला."

आधी त्यांना जमेना. पेपर तपासताना द्यावा तसा तुटक "हं" यायचा. वाचत गेले तशी त्यांना लय सापडली, आणि मलाही. त्यांचा हुंकार उशिरा आला की कळायचं, आपलं वाक्य उगाच लांबलंय. लिहिणं मी त्या दुपारी शिकले. परवा माझं पुस्तक आलं, त्याच्या पहिल्या पानावर मॅडमचं नाव आहे. त्यांना न विचारताच घातलं, विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलंच. शेवटचं पान आलं. घोडी ओढ्याकाठी दिसते, धन्याला ओळखते, पण जागची हलत नाही. इथं हुंकार बंद झाला. मान वर केली, तर मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात मागून जाडा आवाज आला. "हं... मग?" इंद्रजित काका उभेच राहिले होते. "आगं पोरी, मग? आली का न्हाई घोडी?"

"आली," मी वाचलं.

आबांची गोष्ट पहिल्यांदाच शेवटाला गेली, आणि सगळे जागे होते.