काकूंनी कड्याला नावं ठेवली

दरीतल्या त्या कड्याच्या पायथ्याशी जायला एकच वाट होती, आणि ती काकूंच्या अंगणातून, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून जायची. म्हणून दातांचे डॉक्टर एका रविवारी मेहुण्याला घेऊन काकूंकडे रीतसर परवानगी मागायला गेले.

काकूंनी दोघांचे दोर, कमरेचे पट्टे, हात घसरू नयेत म्हणून आणलेल्या खडूच्या भुकटीच्या पिशव्या नीट न्याहाळल्या. कड्याच्या माथ्यावर मागून चांगला गाडीरस्ता असताना धडधाकट माणसं भिंतीला का चिकटतात, असं त्यांनी विचारलं. मेहुण्याने मग विषय बदलला. कड्यावर चढायचे वेगवेगळे मार्ग असतात, म्हणाला, आणि प्रत्येकाला नाव द्यायचं असतं.

काकूंचे डोळे चमकले. "नावं मी ठेवणार. मग खुशाल जा."

नावं ठेवण्यात काकूंचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. दर रविवारी त्या खुर्ची टाकून बसत, डॉक्टर खाली उतरले की मार्ग कसा आहे ते विचारून घेत आणि सासरचं एकेक माणूस कड्यावर चढवत. बारा महिने पाझरणारी चीर झाली 'नणंद'. वरून सगळ्यांवर डोळे वटारणारा पुढे आलेला खडक झाला 'सासरेबुवा'. शेवटपर्यंत हाताला छान पकडी देऊन ऐन माथ्याशी दगा देणारा मार्ग झाला 'धाकटे दीर'. आणि नणंदेच्या शेजारचा, दिसायला दांडगा पण कुणालाही जमेल असा पसरट उतार झाला 'थोरली जाऊ'. मेहुण्याने प्रत्येक मार्गाखाली पांढऱ्या रंगात नाव लिहिलं आणि पुढे सोपा की अवघड तेही लिहिलं.

हळूहळू इतर गिर्यारोहकही येऊ लागले. आज नणंद कोरडी आहे का, सासरेबुवांनी कितीदा खाली टाकलं, अशी चौकशी अंगणात उघड चालायची. थोरल्या जाऊबाई शेजारीच राहत. एकदा त्या अंडी न्यायला आल्या आणि थोरल्या जाऊवर नवशिकेसुद्धा चहा पिऊन होईपर्यंत चढतात, हे त्यांच्या कानावर पडलं. त्या कड्यापाशी गेल्या, पांढरी अक्षरं वाचली आणि अंडी न घेताच परतल्या.

पुढच्या रविवारी अंगणाच्या फाटकाला कुलूप होतं. फाटक जाऊबाईंच्या वाटणीत होतं, हे डॉक्टरांना तेव्हा कळलं.

दोघे माफी मागायला त्यांच्या दारात गेले. नाव आजच पुसून टाकतो, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. जाऊबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"नाव राहू द्या," त्या म्हणाल्या. "सोपी कोणी ठरवली?"

त्यांचं दुःख वेगळंच होतं. नणंद अवघड, आणि त्या सोप्या? खडकावर अवलंबून असतं, वगैरे डॉक्टरांनी सांगून पाहिलं. जाऊबाईंनी एकच अट घातली: त्यांच्यासमोर चढायचं, मग त्या ठरवतील.

जाऊबाईंनी तेवढ्यापुरतं फाटक उघडलं. चढण्याआधी मेहुणा कानात पुटपुटला, "भाऊजी, जरा धापा टाका."

डॉक्टर चढताना कण्हले, थांबून कपाळ पुसलं. अर्ध्यावर गेल्यावर खाली कितपत परिणाम झालाय हे पाहायला त्यांनी मान वळवली, आणि पाय सटकला. एक बूट कोंबड्यांत जाऊन पडला. डॉक्टर दोरावर झोका घेऊन थेट नणंदेत शिरले आणि नखशिखांत भिजले. पुन्हा उतारावर आले तेव्हा हाताच्या खडूचा चिखल झाला होता आणि एक पाय अनवाणी होता. आता नाटकाची गरजच उरली नव्हती. ते इंचाइंचाने सरकत होते, आणि मध्येच 'आई गं' म्हणून ओरडत होते. मेहुणा दोर धरून हसू गिळत होता. जाऊबाईंचा चेहरा मात्र खुलत चालला होता.

डॉक्टर माथ्याला लागले तसं जाऊबाईंनी जाहीर केलं, "अवघड."

मेहुण्याने लगेच रंगाचा डबा उघडला. जाऊबाई कड्याकडे पाहत राहिल्या. हिच्या नावाचा कुठला, असं त्यांनी खुर्चीतल्या काकूंकडे बोट करून विचारलं. असा मार्गच नव्हता. जाऊबाईंना तो दोन मिनिटांत सापडला: कोपऱ्यातला, खालून कोणी गेलं की डोक्यावर खडे टाकणारा. "ही धाकटी जाऊ," त्या म्हणाल्या.

काकू ताडकन उठून घरात गेल्या. जरा वेळाने दारातूनच त्यांनी विचारलं, "मी सोपी की अवघड?"

मेहुण्याने वर पाहिलं, एक खडा चुकवला आणि सांगितलं, "काकू, तिथे अजून कोणाला जमलेलं नाही."

ते खरंच होतं. कोणी प्रयत्नच केला नव्हता. पण काकू बाहेर आल्या, कुलूप कायमचं निघालं, आणि त्या दिवसापासून अंगणात दोन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. आता दोन्ही जावा मिळून डॉक्टरांना नावं ठेवतात.