माझेच पाणी

मी एक जुनी लोखंडी पाण्याची टाकी आहे. रुळांच्या कडेला चार पायांवर उभी आहे. मित्रांनो, माझ्या आधी इथे गाव नव्हते, नुसते माळरान होते. वाफेच्या इंजिनांना वाटेत पाणी हवे, म्हणून मला उभारले. गाड्या थांबू लागल्या, तसे आसपासचे शेतकरी गव्हाची पोती घेऊन येऊ लागले. आधी गोदाम झाले, मग लोहाराचे दुकान, मग शाळा. बघता बघता गाव वसले.

माझी देखभाल पंपवाले काका करत. दर महिन्याला शिडीने वर चढायचे आणि आत उतरून गाळ खरवडायचे. खालून काकू ओरडायच्या, "अहो, त्या टाकीशीच लग्न लावायचं होतं ना!"

"तिनं कधी भाजी खारट केली नाही!" काका आतून म्हणायचे. त्यांचा आवाज माझ्या पोटात घुमायचा.

पुढे डिझेलची इंजिने आली. त्यांना माझी गरज उरली नाही. काका निवृत्त झाले. मला गावाच्या नळांना जोडले. पाणी सगळेच प्यायचे, पण वर कोणी चढेना. एका वादळात माझे झाकण उडून गेले.

त्या उन्हाळ्यात गावात उलट्या-जुलाबांची साथ आली. शाळेतले बाक रिकामे पडले. काकांची सहा वर्षांची नात दोन दिवसांत गेली. शेवटपर्यंत घरचे तिला चमच्याने पाणी पाजत होते. माझेच पाणी!

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "पाणी येतं कुठून?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. म्हातारे काका लटपटत वर चढले. आत पाहिले आणि तसेच थिजले.

"काय आहे?" खालून लोहाराने विचारले.

"कबुतरं. मेलेली. कुजलीत सगळी."

मी सुन्न झाले. ज्या गावाला मी वाढवले, त्याच्या घराघरांत मी हे पोचवत होते?

काकांनी माझ्या पत्र्यावर कपाळ टेकले. "झाकण उडालेलं रोज अंगणातून दिसत होतं मला," ते पुटपुटले. "म्हटलं, आता ते काही माझं काम नाही."

गावाने मला रिकामे केले, घासून धुतले आणि नवे झाकण बसवले. आता दर महिन्याला एकेका घरातले कोणीतरी वर चढून आत पाहते, गाळ काढते. तरी मला बसलेला तो धक्का अजून ओसरलेला नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी टाकी असेल. आजच मोठ्यांना विचारा, तिच्या आत शेवटचे कोणी पाहिले होते? आणि नीट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.