हॉर्नवर चहा

मस्कतमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस चहासाठी गाडीतून खाली उतरत नाही. दार्सैतमधल्या दुकानासमोर गाडी लावायची, एक हॉर्न मारायचा, की दुधाचा दाट, वेलचीचा करक चहा खिडकीशी हजर. ईदच्या सुट्टीत बायकोला घेऊन चार दिवस थायलंडला गेलेल्या रामकृष्ण वायंगणकरांनी तिथेही तेच केलं. क्राबीजवळच्या गावात चहाचं दुकान दिसताच भाड्याची गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि ऐटीत हॉर्न दिला.

दुकानातली माणसं नुसती बघत राहिली. रामकृष्णांचा पारा चढला. दुसरा हॉर्न त्यांनी एस्टीच्या ड्रायव्हरसारखा लांबवला.

"अहो, उतरा की! पाय झिजणार आहेत का?" सुगंधा म्हणाली.

"गिऱ्हाईक आहे मी! येतील धावत."

आणि खरंच चौघं धावत आले. गाडी बंद पडली असणार, अशा समजुतीने त्यांनी हसत हसत ती ढकलायला सुरुवात केली. रामकृष्ण स्टिअरिंग धरून "टी! टी!" ओरडत राहिले. गाडी थेट गॅरेजात जाऊन थांबली. मेकॅनिकने बॉनेट उघडून बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी, पाहुणा घामाघूम झालेला पाहून, गार चहाचे दोन ग्लास खिडकीतून आत दिले.

मस्कतला परतल्यावर शेजारच्या अलीमियाँनी विचारलं, "कसा काय देश, भाभी?"

"माणसं फार चांगली," सुगंधा म्हणाली. "ढकलायला चौघं आले, पण हे काही खाली उतरले नाहीत."