आईला सांगितल्यासारखं

गुरुवारचं माझं प्रॅक्टिकल काढून प्राचार्यांनी विरुपाक्ष सरांना दिलं, तेव्हाही मी आवाज चढवला नाही. तसा माझा नेमच आहे. सकाळी दिवा, पोथीचा एक अध्याय, गुरुवारी एक वेळ जेवण आणि कुणावर ओरडायचं नाही.

विरुपाक्ष सर मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवतात, मी प्रोग्रामिंग. "तुमची लॅब म्हणजे देऊळ की हो, मॅडम," ते हसत म्हणाले. "पोरं बोलायला शिकणार कुठं?"

"आणि प्रोग्राम लिहायला?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नसावं. माझं बोलणं बहुधा कुणाला ऐकू जात नाही.

मला काळजी चंद्रिकाची होती. शेवटचं वर्ष, घरात तेलुगू, आई टॉवेलच्या कारखान्यात माल तपासते. कंपनीत लागली नाही तर जूनपासून आईशेजारी बसायचं, हे घरात ठरलेलं. तिचा प्रोग्राम टॉवेलच्या फोटोतून तुटलेला धागा शोधतो. तो पुरा करायचे गुरुवार "माझा छंद वाचन, फार मेहनत करणं हाच माझा दोष" हे घोकण्यात गेले.

पुण्याची कंपनी आली. मुलाखतीच्या खोलीत कागद द्यायला मी होते. एकामागून एक पोरं येत होती आणि सगळ्यांचा दोष एकच, फार मेहनत. मुलाखत घेणारे कंपनीचे साहेब वैतागून पेन आपटायला लागले. चंद्रिकानं प्रोग्राम दाखवला तेव्हा मात्र खुर्ची पुढं ओढून बसले.

"छान. आता कारखान्याच्या मालकाला हे समजावून सांग. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही."

चंद्रिकानं माझ्याकडं बघितलं, मग खाली. हे पाठ केलेल्यात नव्हतं. साहेबांनी पुढच्याला बोलावलं.

मुलाखती संपल्यावर जिन्यात मी तिला गाठलं. "अगं, काहीच कसं सुचलं नाही?"

"सुचलं की, मॅडम. आईला रोज सांगते. तू धाग्यावरनं बोट फिरवतीस ना, तशी हे नजर फिरवतंय. बोट अडकलं की थांबतंय."

"मग हेच का नाही बोललीस?"

"घरातल्यासारखं बोलायचं नाही म्हणालेत सर. आणि तुमच्या लॅबमध्ये तर बोलायचंच नाही."

खाली साहेब गाडीकडं निघाले होते, सोबत प्राचार्य आणि विरुपाक्ष सर. "सर," मी म्हणाले. कुणी वळलं नाही. मग मी ओरडले. "अहो, थांबा!"

मैदानावरची पोरंसुद्धा थांबली.

"मॅडम, बरं नाही का तुम्हाला?" प्राचार्यांनी विचारलं.

"बरी आहे. हिचं ऐकून घ्या."

गाडीच्या दाराशी चंद्रिका बोलली. अर्धं मराठी, मध्येच तेलुगू, बोट हवेत फिरवत. काळ्या किनारीतला धागा सापडतो का, साहेबांनी विचारलं.

"नाही सर, अजून नाही. तिथं आईच लागते."

ते मनापासून हसले. मग म्हणाले, "निवडलेल्यांची नावं पाठवून झाली हो, मॅडम. हे आत बोलली असती तर... बघतो." 'बघतो' म्हणजे काय, हे चंद्रिकाला शिकवावं लागलं नाही. ती सॅक उचलून फाटकाकडं चालायला लागली.

"आत्मविश्वास कमी पडला," विरुपाक्ष सर म्हणाले.

"नाही सर. तिला आपण दोघं नडलो." माझा आवाज अजून चढलेलाच होता.

संध्याकाळी दिवा लावला. नेम मोडला म्हणून हात जोडले, पण क्षमा काही मागवेना. जून किती जवळ आलाय, तेवढंच मनात येत राहिलं.