निरोपाच्या भाषणाचे तुकडे

संचालकसाहेब निवृत्त झाले आणि जाताना फर्मावून गेले, की निरोपाचं भाषण सगळ्या कर्मचाऱ्यांना मेलवर जायलाच हवं. भाषण दोन तास चाललं होतं. व्हिडिओची फाइल अशी अगडबंब, की मेलने ती बघताक्षणी परत धाडली.

ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईला सगळे तारवाली म्हणत. तिने कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत ‘स्प्लिट’ म्हणजे फाइल तोडायची आज्ञा टाइप केली आणि क्षणात भाषणाचे शंभरावर तुकडे पडले. एकटा तुकडा उघडत नाही. सगळे उतरवून ओळीने जोडले, तरच भाषण दिसतं. जोडायचं कसं, हे तिने मेलमध्ये एका ओळीत लिहिलं आणि मेलमागून मेल सोडले.

संध्याकाळपर्यंत उत्तरांचा पाऊस. ‘डोळे पाणावले.’ ‘पुन्हा पुन्हा पाहतोय.’ हिशेबनीस तर म्हणे तिसऱ्यांदा पाहत होते. ते कॉम्प्युटर बंद करायचं असलं तरी तारवालीला हाक मारत.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोचा फोन आला. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना समारंभाला जाता आलं नव्हतं.

"अगं, तू लिहिलंस तसं सगळं जोडलं. अख्खं पाहिलं. एक तुकडा राहिलाय का?"

"कुठे अडकतंय का, वहिनी?"

"छे, अगदी छान चालतंय. ड्रायव्हरचे आभार आहेत, माळ्याचे आहेत, लिफ्टचेसुद्धा आहेत. माझे नाहीत. हे म्हणतात, मी बोललो होतो, तुकडे करताना त्या बाईने गहाळ केलं."

तारवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जोडलेल्या फाइलचा आकार वाचून दाखवता?"

वहिनींनी आकडा वाचला. मूळ फाइलशी तो तंतोतंत जुळत होता. काही म्हणजे काही गहाळ झालं नव्हतं. पण नवरा बोललाच नव्हता, हे बायकोला कसं सांगायचं? "बघते हं," एवढंच ती पुटपुटली.

फोन ठेवते न ठेवते तोच साहेबांचा आला. आवाज एकदम लोण्यासारखा. "अगं, एखादा तुकडा सापडेल ना?"

"जे बोललाच नाहीत ते कुठून सापडणार, सर? आता बोला, रेकॉर्ड करून पाठवा. मी वहिनींना पोचवते."

दोन तास न थांबता बोललेल्या माणसाला त्या एका मिनिटाने घाम फोडला. पहिल्या खेपेला त्यांनी बायकोला ‘माननीय’ म्हटलं. दुसऱ्या खेपेला ‘संस्थेच्या वतीने’ आभार मानले. तारवालीने दोन्ही परत पाठवले. आयुष्यभर लोकांचे मसुदे परत पाठवणारे साहेब निमूटपणे पुन्हा बसले. शेवटी आली ती चिमुकली फाइल. तीत ते म्हणाले, "तू नव्हतीस, म्हणून इतका वेळ बोलत राहिलो. कुठे थांबायचं तेच कळेना."

तारवालीने ती आहे तशीच पाठवून दिली. तुकडे करायचा प्रश्नच नव्हता.

वहिनींचं उत्तर लगेच आलं. ‘मिळालं. मागे आमच्याच घराचा पडदा दिसतोय. यांना सांगू नकोस मला कळलं म्हणून. हा तुकडा मी भाषणाला जोडत नाही, वेगळाच ठेवते. भाषण काढून टाकलं, फार जागा खात होतं.’