डाव संपेपर्यंत

त्रेपन्न साली इनिस डॅलग्लिशने स्कॉटलंडमधली हौशी गोल्फपटूंची मोठी स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकली. टाळ्या ओसरल्यावर क्लबच्या कप्तानाने त्याला बाजूला घेतलं.

"दुपारी इस्पितळातून फोन आला होता. तुझी बायको सारखं तुझं नाव घेत होती."

"आता कशी आहे मोराग?"

"मघाशीच गेली रे."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तू पुढे होतास. म्हटलं, डाव संपू दे."

इस्पितळ मैदानापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं.

पुढे कित्येक वर्षं इनिस खेळला, जिंकलाही. लोक त्याच्या जिद्दीचं कौतुक करत. त्याला मात्र त्या रिकाम्या घरात बसवत नव्हतं, आणि खेळण्याशिवाय दुसरं काही येतही नव्हतं.